पक्षी आहेत तोवर

मातुपित,
१९ जून १९९४

माझ्या शहाण्या भाचीला मामाचे भरभरून आशीर्वाद.

डेल्मा, तू पाठवलेलं पेपरचं कात्रण मिळालं. आज प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर बसून मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तुम्हा ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सवाल्यांनी आपल्या पापुआचं 'पापाऊ' केलंय आणि आपल्या रबाउल शहराचं 'राबुआल'. फिलेमोन म्हणाला, "हे राबुआल कुठे आलं रे? तिथे सुपारी स्वस्त असेल तर उद्याच होडी काढू." लोक हसून हसून बेजार झाले. असल्या चुका पकडायचा तुला पगार मिळतो म्हणतेस. मिळू दे बापडा. पण एक सांगतो. आपल्या बेटाचं नाव जर्मनांनी शेवटचं अक्षर गाळून लिहिलं, मागून ऑस्ट्रेलियन आले त्यांनी तेच उचललं, जपान्यांनी काय लिहिलं ते देव जाणे. आपण होतो तिथेच राहिलो. तेव्हा फार जीव जाळत बसू नकोस.

तुझी लेक नेली मजेत आहे. पुढचा एक दात पडला. तो तुला पाकिटातून पाठवायचा हट्ट धरून बसली होती, मामीनं कशीबशी समजूत काढली. शाळेत जाते, येते, मामीच्या पाठीपाठी फिरते. तुझ्या नावानं रडते का, हे तू दर पत्रात विचारतेस. नाही रडत. निजताना फक्त विचारते.

आता खरी बातमी. यंदा अंड्यांची नुसती लयलूट आहे! तावुरवुर डोंगराच्या पायथ्याशी रानकोंबड्या इतक्या उतरल्यात की माझ्या जन्मात पाहिल्या नाहीत. मी आणि फिलेमोन पहाटेच होडीनं पलीकडे जातो. वाळूत कंबरभर खड्डा खणायचा, डोकं खाली घालायचं, आणि हात घालावा तिथे अंडं. पूर्वी जिथे पक्षी फिरकत नसे, त्या पाण्याजवळच्या वाळूतसुद्धा आता त्या अंडी पुरून जातात. वाळू मात्र चांगलीच तापलेली असते, उन्हं चढायच्या आत आटपावं लागतं. परवा एक अंडं काढलं ते अर्धं शिजलेलंच निघालं. फिलेमोन म्हणाला, "चला, सरपण वाचलं."

तू असतीस तर पिवळाधम्मक बलक नारळाच्या दुधात घालून मामीनं तुला खाऊ घातला असता. तिथे काय, पावच खातेस ना?

तुझा मामा,
एरेमास


केर्न्स,
४ जुलै १९९४

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. पहिलं पान वाचून एकटीच हसले. दुसरं वाचता वाचता डबा झाकून ठेवला.

मी मातुपितचीच आहे, मामा, मला फसवू नका. रानकोंबडी अंड्यावर बसत नाही, ऊब देण्याचं काम ती वाळूवर सोपवते. म्हणजे वाळू जिथे उबदार तिथे ती येणार. यंदा पक्षी जास्त आले, पाण्यापर्यंत आले, अंडी वाळूतच शिजायला लागली. याचा अर्थ लावायला मला शास्त्रज्ञ लागत नाही. खालून काहीतरी वर येतंय.

तुम्ही म्हणता जीव जाळू नकोस. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय, लोक हमखास चुकतात अशा परदेशी नावांचा. फिलिपीन्समध्ये लोक एक 'ल' वाढवतात आणि एक 'प' खातात. कोलंबियाचं कोलुंबिया करतात. कॅरिबियनमध्ये 'र' दोनदा आणि 'ब' एकदाच लिहितात. राराटोंगा की रारोटोंगा, हे तर इथे रोज कोणीतरी ओरडून विचारतं. त्या कागदाच्या तळाला पापुआ आणि रबाउल मी माझ्या हातानं लिहिलंय. आमचा उपसंपादक ग्रॅहम माणूस वाईट नाही, पण तो म्हणाला, "तिथलं कोणी आपला पेपर वाचत नाही, बाई." मी म्हटलं, "मी तिथलीच आहे आणि मी वाचते." तो गोरामोरा झाला. पण नावं पाहण्याचं खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. तारेनं येणाऱ्या बातम्यांत 'रबाउल' दिसलं की मी पेन खाली ठेवते. नाव चुकलंय की नाही हे नंतर, आधी मी ज्वालामुखी हा शब्द शोधते. नाही सापडला की मगच पेन उचलते.

माझं एवढं ऐका. नेलीला आणि मामीला कोकोपोला रोझीकडे पाठवा. रोझी माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचं घर मोठं आहे, खाडीच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरापासून लांब आहे. डिसेंबरात माझं काम कायम झालं की मी नेलीला इकडेच आणीन. तोवर काही महिने. तुम्हीही जा. हात जोडते.

तुमची,
डेल्मा


मातुपित,
२० जुलै १९९४

डेल्मा, तुझं घाबरं पत्र पोचलं.

मामीला मी अर्धंच वाचून दाखवलं, कारण तिला वाळूचं काही सांगायची गरज नाही. तुला मात्र सविस्तर सांगतो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

सदतीस साली डोंगर फुटला तेव्हा मी नेलीपेक्षा थोडा मोठा होतो. फुटायच्या आधी पक्षी गेले. सगळे. माझा मामा सकाळी अंड्यांना गेला तर वाळूवर पाऊल नाही की पीस नाही. तो तसाच परत फिरला आणि त्यानं घरातली सगळी माणसं होडीत घातली. शेजारी हसले. त्यातले किती उरले ते तू तुझ्या आईकडून ऐकलेलं आहेस. तेव्हापासून आपल्या घराण्याचा नेम आहे. पक्षी आहेत तोवर आपण आहोत. पक्षी गेले की आपणही निघायचं, कोणाला न विचारता.

दहा वर्षांपूर्वी सरकारनं काय केलं? जमीन हलते, यंत्रं सांगतात, पळा पळा! आम्ही मुकाट पळालो. कोकोपोला ताडपत्रीखाली चिखलात बसलो, पोरांना हगवण लागली, आणि डोंगरानं साधी शिंकसुद्धा दिली नाही. परत आलो तर घराची दारं चोरीला गेलेली. तेव्हाही पक्षी इथेच होते, आणि मी ते ओरडून सांगत होतो. आता गावात लोक यंत्राला नाही, मला विचारतात. "एरेमास, पक्षी आहेत ना?" "आहेत." "मग झोपतो."

आणि नेली. तुझी आई गेली, नेलीचा बाप समुद्रात गेला, तू परदेशी. आपल्या आईच्या घराण्यात पुढे एवढी एकच पोर उरली. ही जमीन, ती अंड्यांची वाळू, उद्या सगळं तिचं. तिला मी परक्याच्या ओसरीवर नेऊन ठेवू? लोक विचारतील, हिला मामा नाही का?

अधूनमधून जमीन हलते, ती माझ्या लहानपणापासून हलते. भांडी खडखडतात. नेली हल्ली चपला उशाशी घेऊन झोपते, तिला तो खेळ वाटतो. तू तुझी कॅरिबियन सांभाळ.

मामा


केर्न्स,
९ ऑगस्ट १९९४

प्रिय मामा,

चपलांचं तुम्ही सहज लिहून गेलात. मी तेवढीच एक ओळ परत परत वाचली.

पण आज ते नाही. आज दुसरंच सांगायचंय, आणि सांगायला लाज वाटते म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मी लग्न करायचं ठरवलंय. त्याचं नाव आयझॅक. इथे बंदरात काम करतो. आपलाच माणूस आहे, त्याचे लोक कोकोपोच्या वरच्या अंगाला राहतात. समजूतदार आहे, पीत नाही, नेलीला आपली म्हणायला तयार आहे.

त्याच्या मामांना रीतीनं शंखांच्या माळा घेऊन तुमच्याकडे यायचंय. पण त्यांचे पाय धड नाहीत, होडीत बसवत नाही, बेटावर येणं जमणार नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही कोकोपोला येऊन बसाल का? रोझीचं घर मी ठरवलंय. नेलीला आणायलाच हवं, त्यांना पोर पाहायची आहे. मामी तर हवीच. दिवस अजून ठरला नाही, तो माणूस लहरी आहे म्हणे, मनात आलं की निघेल. तुम्ही महिनाभर तरी तिथे राहायच्या तयारीनं जा.

नवऱ्याकडच्या माळा मुलीच्या मामानंच घ्यायच्या. तुमच्याशिवाय हे लग्न होणार नाही. तेव्हा या महिन्यातच जा.

डेल्मा


कोकोपो, रोझीच्या घरून,
२९ ऑगस्ट १९९४

नवऱ्या मुलीला आशीर्वाद.

आलो. तू लिहिलंस म्हणून आलो. नवा शर्ट शिवला, मामीनं ठेवणीतलं लुगडं काढलं, नेलीच्या केसांत फुलं माळली. रोज सकाळी आम्ही तिघं ओसरीवर सजून बसतो आणि दुपारी उठून जेवतो. रोझी बिचारी चांगली आहे, पण तिची पोरं आम्हाला पाहून तोंडावर हात ठेवून हसतात. काल धाकट्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही फोटोची वाट बघताय का?"

पाहुणे काही येत नाहीत. लहरी माणूस असावा, पण इतका? त्या मामांचं नाव तू कळवलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही. आणि नीट लिही, तुझ्या पेपरासारखं नको.

फिलेमोनचा निरोप आला. अंडी आणखी वाढलीत म्हणतो, एकट्याला आवरत नाहीत, शेजारच्या घराण्याची माणसं आमच्या वाळूत हात घालायला लागलीत. इथे मी रिकामा बसून सुपारी चघळतोय.

नेली इथे चपला घालूनच हिंडते, उशाशी घेत नाही. एवढं मात्र खरं.

मामा


केर्न्स,
८ सप्टेंबर १९९४

प्रिय मामा,

त्या मामांचं नाव पेनियास तोलावुर. त्यांना ताप आला होता, म्हणून खोळंबले. आता बरे आहेत. आयझॅकचा त्यांच्याशी कालच फोन झाला, या महिन्याअखेर ते नक्की येणार. तुम्ही परत गेलात आणि ते येऊन रिकाम्या ओसरीवर उभे राहिले, तर माझी काय शोभा होईल? अंडी जाऊ देत. वाळू कुठे पळून जाते?

मी नीट झोपत नाही. काल पेपरात इक्वेडोरचं नाव चुकलेलं मला दिसलंच नाही, तसंच छापून गेलं. ग्रॅहम म्हणाला, "तुला दिसलं नाही? तुला?" मला अक्षरं दिसतात, पण डोकं तिकडे असतं. मामा, ओसरीवरच बसा. लोक हसले तर हसू देत.

डेल्मा


कोकोपो,
१४ सप्टेंबर १९९४

डेल्मा,

तुझं पत्र आज मिळालं. पेनियास तोलावुर. वाचलं.

आता माझं ऐक. तीन आठवडे मी परक्या ओसरीवर नवा शर्ट घालून बसलो, पुरे झालं. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन आहे. नेलीला रबाउलला ढोल आणि नाच दाखवतो, आणि संध्याकाळी तसेच बेटावर घरी जातो. मामीची इच्छा नाही. ती म्हणते, "आणखी दोन आठवडे काय बिघडलं?" पण माझ्या वाळूत परके हात घालताहेत, आणि मी इथे! पाहुण्यांना यायचं असेल तर त्यांना पाठीवर बसवून मी पाण्यातून नेईन, असं कळव.

रागावून लिहीत नाही. थोडा रागावलो आहे.

मामा


केर्न्स,
२० सप्टेंबर १९९४

मामा, मामा,

काल सकाळी तारेवर बातमी आली. डोंगर फुटला. मी खुर्चीतच होते. ग्रॅहमनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "तुला नको असेल तर मी बघतो." मी म्हटलं, "माझ्या गावचं पान मीच तपासणार." त्यात रबाउल तीनदा चुकलं होतं, तिन्ही वेळा वेगळं. मी तिन्ही ठिकाणी नीट केलं. ग्रॅहमला माझं अक्षर लागलं नाही, त्यानं शेजारी पुन्हा लिहिलं.

पण मी रडले नाही. लोक मला पाणी देत होते, खांद्यावर हात ठेवत होते, आणि मी आतल्या आत देवाचे आभार मानत होते. कारण तुम्ही कोकोपोत आहात! नेली कोकोपोत आहे, ओसरीवर, फुलं माळून, वैतागून!

आता खरं सांगून टाकते. आयझॅक नाही, मामा. आयझॅक कोणी नाही. पेनियास तोलावुर नाही, त्याचे पाय नाहीत, त्याला ताप नाही. मी सगळं बनवलं. तुम्ही भीतीला भीक घालणार नव्हतात, सरकारला जुमानणार नव्हतात. माळा घ्यायला बोलावलं तर मात्र मामा येणार, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला लोकांपुढे हसं व्हावं लागलं. भेटल्यावर हवी ती शिक्षा द्या, मी मान खाली घालून उभी राहीन.

फोन लागत नाही. राख तिथवर येतेय का? नेलीला ओला फडका नाकाशी धरायला सांगा. लगेच दोन ओळी पाठवा.

तुमची खोटारडी,
डेल्मा


केर्न्स,
२२ सप्टेंबर १९९४

मामा,

तुमचं चौदा तारखेचं पत्र आज मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी बेटावर.

मी ते टपालवाल्याच्या समोर उभ्याउभ्याच वाचलं. तो विचारत होता, "ठीक आहे ना?" मला त्याचं तोंड हलताना दिसत होतं.

कुणाला लिहितेय तेही मला माहीत नाही. रोझीच्या पत्त्यावर टाकते. रोझी, तू उघडलंस तर वाच. ते तुझ्याकडे परत आले का? नेली आली का? ती साडेसहा वर्षांची आहे, पुढचा दात नाही, हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते.

आज तारेवर आलंय, एका गावात घरांची छपरं राखेच्या भारानं बसून माणसं दगावली. गावाचं नाव 'मातापुई' असं लिहिलंय. असं गाव नाही. ते आपलं असेल किंवा दुसरं कुठलं असेल, कोणी घाईत कानावर पडेल तसं टाइप केलंय. मी सिडनीला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "आमच्याकडे असंच आलंय, मॅडम, आम्ही जसंच्या तसं पुढे पाठवतो." मी ओरडले, "तिथे माझी मुलगी आहे!" तो म्हणाला, "आकडा पक्का नाही." ग्रॅहम विचारत होता, नाव काय छापू? मी म्हटलं, मला माहीत नाही. दोन वर्षांत हे मी त्याला पहिल्यांदा म्हटलं.

मी चांगली पाठवणी केली होती तुमची. आणखी थोडं खरं वाटेल असं खोटं मला का सुचलं नाही? माळांची एक जोडी खरीच कुणाकडून पाठवली असती, एक माणूस पैसे देऊन उभा केला असता, तर तुम्ही बसला असता. मला भीती वाटते, मामा. दिवसाउजेडी, माणसांत बसूनसुद्धा वाटते. कोणीतरी लिहा.

डेल्मा


कोकोपोजवळच्या छावणीतून,
९ ऑक्टोबर १९९४

डेल्मा,

सगळ्यात आधी वाच: नेली माझ्या मांडीला टेकून बसली आहे. तिला खोकला आहे, बाकी काही नाही. मामी रांगेत पाणी आणायला गेली आहे. आम्ही तिघं आहोत. टपाल बंद होतं, म्हणून उशीर. हे पत्र जहाजावर काम करणाऱ्या एका माणसाच्या हाती देतो आहे. तुझी दोन्ही पत्रं रोझीनं काल आणून दिली.

शुक्रवारी बेटावर आलो. शनिवारी फिलेमोनबरोबर वाळूत गेलो आणि टोपल्या भरभरून अंडी आणली. रविवारी उजाडायच्या आधीपासून जमीन हलायला लागली आणि थांबेचना. उभं राहून प्रार्थना म्हणवेना. लोकांनी चटया, डुकरं, म्हातारी माणसं उचलली आणि रबाउलच्या वाटेला लागले. मामीनं गाठोडं बांधलं. मी म्हटलं, "थांब. पक्षी पाहून येतो."

पक्षी होते, डेल्मा. इतके होते की पाय ठेवायला जागा नव्हती. पायानं वाळू उडवत होते, पुरत होते, आपसात भांडत होते. फिलेमोन म्हणाला, "बघ! तू म्हणालास तेच!" आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मीच खरा ठरलो. मग मी एका खड्ड्यात हात घातला आणि तसाच ओढून काढला. फोड अजून आहे. त्या पक्ष्यांना ऊब हवी असते, किती हवी ते त्यांना कळत नाही. सदतीस साली का गेले आणि आता का गेले नाहीत, कोण सांगणार?

मी वाळूतच बसलो. आणि मला तुझा पेनियास तोलावुर आठवला.

तू खोटं कबूल केलंस, पण मला ते आधीच माहीत होतं. त्या नावाच्या माणसाची चौकशी मी पत्र हाती पडलं त्याच दुपारी केली. कोकोपोच्या बाजारातली सुपारीवाली बाई वरच्या गावांतल्या माणसामाणसाला ओळखते. ती म्हणाली, असा कोणी जन्मलाच नाही. त्या रागानंच मी निघालो होतो. मामाला बनवते, माळांवरून, रीतीवरून! पण तिथे बसल्यावर राग कुठे गेला कळेना. म्हटलं, ही पोरगी लहानपणीसुद्धा माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. पेपरात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर हिला झोप येत नाही. हिनं अख्खा नवरा बनवला, त्याचा मामा बनवला, त्या मामाला ताप आणला, आणि हे सगळं शाईनं लिहून पाठवलं. किती घाबरली असेल! पक्षी घाबरले नव्हते. घाबरली होतीस ती तू. आणि आपल्या घराण्यातली तू आहेस, पक्षी नाहीत.

मी उठलो, आम्ही होडी परत बेटावर आणली. फिलेमोनला म्हटलं, "चल." तो हसला. म्हणाला, "पक्षी आहेत, आणि तू मला चल म्हणतोस? तूच तर सांगितलंस." मी त्याचा हात धरून ओढला, डेल्मा. तो म्हणाला, "जा तू, भाचीनं बोलावलंय. मी दारं राखतो, मागच्यासारखी चोरीला नकोत." मी आणखी ओढायला हवं होतं. पण घरी नेली होती.

तिला खांद्यावर घेतलं, मामीबरोबर होडीनं रबाउलचा काठ गाठला आणि चालत सुटलो. वाटेवर तिनं विचारलं, "पक्षी गेले का?" मी म्हटलं, "हो, गेले." आता आपण दोघंही खोटारडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुटला. आम्ही तोवर लांब होतो, तरी दिवसाची रात्र झाली. फिलेमोन छपराखाली सापडला. बाकी बेटावरची माणसं आधीच निघालेली होती. राहिला तो एकटा, आणि तो माझ्या शब्दावर राहिला. त्याची बायको पलीकडच्या ताडपत्रीत आहे. माझ्याशी बोलते, चांगली बोलते. ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

लोक म्हणतात सरकार दूर डोंगरापलीकडे जमीन देणार. कोणी मला विचारत नाही आता काही. घर राखेखाली आहे, वाळू कुठे आणि पाणी कुठे ते समजत नाही. ती जमीन नेलीची आहे, हे मी तुला ताठ मानेनं लिहिलं होतं. जमिनीला वारस नसला तरी जमीन राहील. नेली राहिली पाहिजे. तिला घेऊन जा. डिसेंबरची वाट पाहू नकोस, कागदपत्रांचं काय करायचं ते कर, पण ये.

आणि आलीस की लगेच निघू नकोस. मला भीती वाटते, डेल्मा. पासष्टी आली, आजवर हे मी कुणाला म्हटलं नाही, तुझ्या मामीलाही नाही. जमीन आता हलत नाही, तरी मी जमिनीला हात लावून बसतो. चार दिवस माझ्याजवळ राहा. मी झोपेन तेव्हा कोणीतरी जागं हवं आहे.

मामा